पावसाकडं तोंड

२ जुलै. सांगली

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. वहीच्या पहिल्या पानावर नाव घातलं, खाली एक मेंढरू काढलं, त्याला पाच पाय झाले, तिथंच थांबले. आज लिहितेय ते डोकं तापलंय म्हणून. खोलीतल्या पोरी म्हणतात, "राणे, तू बोलत न्हाईस, वसकतीस." बरं. मग कागदावर वसकते. कागद उलट बोलत नाही.

रविवारचं लिहायचं आहे. लाज वाटते म्हणून तेही टाळत होते.

साताऱ्याच्या विश्वजीत सरांचा डोंगर फिरवायचा ग्रुप आहे. उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला जायचे. तेव्हा ते म्हणाले होते, "तुझे पाय चांगले आहेत. मेंढरांमागं चाललेले दिसतात." पावसाळ्यात शहरातल्या बायका येतात, त्यांना सोबत बाईमाणूस लीडर पाहिजे. मला वाटलं, हे माझं काम. आयटीआय सोडलं, पार्लरचा कोर्स सोडला, मोबाईलच्या दुकानातनं भांडून निघाले. चालणं तेवढं कधी सोडलं नाही. १९ तारखेला पाटणच्या बाजूला मोठी फेरी आहे, ती माझ्याकडं देणार होते. ती नीट झाली की अख्खा हंगाम माझा.

आणि रविवारी ट्रायलला मला जाकिटानं मारलं.

सांगलीत रस्त्यावर घेतलेलं. जांभळं. वर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ. बामणोलीच्या वरचा डोंगर अर्धा चढला नाही तोवर खांदे ओले. आधी सॅकच्या पट्ट्यांखालनं, मग पाठीवर. आतनं घाम, बाहेरनं पाऊस, वर वारा. दात वाजायला लागले. बोटं अशी आखडली की बुटाची नाडी बांधता येईना. ज्या बायकांना मी सांभाळायचं, त्यातल्या एका मास्तरणीनं खाली बसून माझी नाडी बांधली! "असू दे गं बाळा," म्हणाली. बाळा!

विश्वजीत सर ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "लीडर गारठला की सगळे गारठतात, राणी. फेरीच्या आत जाकीट बदल. नाहीतर मला माणूस बदलावा लागेल. सोनिया तयार आहे."

सोनिया. जिला जिना चढताना दम लागतो.

३ जुलै

जांभळं जाकीट उसवलं. कात्रीनं नाही, दातानं.

मी अडतीत हळदीच्या गोण्या शिवते. गोणी कितीही चांगली असू दे, जिथनं सुई गेली तिथनं हळद गळते. संध्याकाळी माझ्या पायाशी शिवणीच्या रेघेत पिवळी ओळ असते. रोज बघते. आणि जाकीट घेताना नुसतं कापड चोळून बघितलं. शिवण उलटी करून बघितली नाही. मेंदू काय अडतीत ठेवून जाते का मी!

आतनं शिवणीवर काही नाही. उघडी भोकं.

५ जुलै. सातारा

एका मोठ्या दुकानात गेले. आत एसी, बाहेर मी निथळतेय. विकणारा पोरगा साईराज, छातीवर नावाची पट्टी. केसाला एवढं जेल की त्याच्या डोक्यावरनंच पाणी ओघळलं असतं. त्यानं एका बाहीवर ग्लासभर पाणी ओतलं. थेंब मोत्यासारखे गडगडत खाली गेले. "बघा मॅडम. जादू."

मी म्हटलं, "ह्याच्यावर भरलेली सॅक ठेवा, आणि तीन तास ओता."

"मॅडम, सिटीतच वापरणार ना?"

"तुमी घर सिटीत बांधलं म्हणून छप्पर गळकं चालतं काय?"

मागं एक काका हसले. साईराजला राग आला. मग गुलाबी काढून दाखवलं, म्हणे लेडीजमध्ये हेच येतं. कमरेच्या वरच संपतं. वाकलं की पाठ उघडी. बायकांना काय ढुंगण नसतं? पाऊस त्यांना बघून कडेनं जातो? टोपी म्हणावी तर नुसती पिशवी. मान वळवली की टोपी तिथंच, तोंड टोपीच्या आत. पाऊस आला की मी टोपीचं अस्तर बघत दरीत जाणार.

आतली शिवण बघायला जाकीट उलटं केलं तर म्हणाला, "घ्यायचं आहे का उसवायचं आहे?"

न घेता आले. येताना एसटीत एका माणसाच्या मांडीवर कोंबडा होता, तिकीट काढलेला. त्याच्याकडं बघत बघत माझा स्टॉप गेला. पुढं उतरून मागं चालत आले. भिजले. कोंबडा कोरडा.

८ जुलै. सांगली

घेतलं!!

गणपती पेठेतनं आत, एका बोळात. दुकानदार भडंग खात होता, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेच पाहिजे होतं. होती नव्हती ती सगळी जाकिटं उलटी केली. स्वतःची सॅक भरून नेली होती, घालून वाकले, बसले, हात वर केले, दुकानात चालले. एक काका म्हणाले, "आवं, ही काय वरात हाय का?"

भगवं आहे. पुरुषांचं. धुक्यात लांबनं दिसलं पाहिजे, माझ्या मागनं बायका येणार आहेत. आत प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली, नखानं खरवडून बघितली, हलली नाही. टोपीला पुढं कडक पाळ, मागं आवळायची दोरी. मान वळली की टोपी वळते. खाली मांडीपर्यंत. काखेत चेन. ती बघून आधी हसले, मग कळलं. चढावर काख उघडायची, घाम बाहेर. नाहीतर बाहेरनं कोरडं आणि आतनं आंघोळ. आत स्वेटर बसेल एवढं ढिलं. दुमडलं की भाकरीच्या फडक्यात मावतं.

हंगामाची गोण्यांची कमाई गेली. जाऊ दे. गोण्यांनीच तर शिकवलं.

१० जुलै. आटपाडी

घरी आले. आण्णा बोलत नाहीत. अजूनही.

जूनमध्ये मी सांगितलं होतं, पावसाळ्यात पश्चिमेला डोंगरात काम करणार. तेव्हा ते एकच बोलले. "पावसाकडं तोंड करून मेंढरू बी उभं ऱ्हात न्हाई." संपलं. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. मी ताटावर बसले की ते उठतात.

त्यांचं बरोबरच आहे, त्यांच्या परीनं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली जायचं, आणि पाऊस लागायच्या आत माघारी आपल्या कोरड्या रानात यायचं. वाटेत पाऊस गाठला तर मेंढरं त्याला पाठ देतात, आण्णाही घोंगड्याची खोळ करून पाठ देऊन बसतात. आमचं सगळं खानदान पावसाला पाठ देऊन जगलं. मी पहिली येडी, उलटी निघालेली. पण म्हणून लेकीशी बोलायचं नाही?

धनाजीदादा तेवढा बोलतो. "लोकांच्या बायकांची बोचकी उचलायला चाललीस व्हय? ते बी पावसात? बघू की कशी जातीस." डाळिंबाची पिकअप चालवतो म्हणून जग बघितलंय त्यानं.

११ जुलै

आटपाडीत पावसाळी जाकीट तपासायचं कसं? आभाळ धुतलेल्या ताटासारखं. मग पप्पूच्या वॉशिंग सेंटरवर गेले. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता.

"राणे, नुसतं वॉशिंग का ऑइल बी बदलायचं?"

"पाईप मार गप. खांद्यावर मार."

मारला. मी उभी ट्रॅक्टर आणि बुलेटच्या मधी, भगवी, पाठीवर सॅक. चौकातली सगळी माणसं गोळा. हरिबा तात्या काठी आपटत आले. "आरं, हितं बोरला पाणी न्हाई, आन् ही अंगावर पाईप मारून घेतीया! बिराप्पाची लेक न्हवं का ही?"

खांदे कोरडे. पाठ कोरडी. पण गळ्यातनं पाणी आत आलं, छातीपर्यंत भिजले. डोकंच फिरलं. तशीच निथळत घरी गेले आणि दारातनंच ओरडले, "एवढं करून बी पाणी आत आलंच! समदे चोर!" दादा पोट धरून हसला. आई म्हणाली, "आता गं?" आण्णा मेंढराचं वाढलेलं खूर साळत होते. वर बघितलं नाही.

जाकीट खुंटीला टांगलं.

मग संध्याकाळी कळलं. टोपीची दोरी आवळायचीच राहिली होती. जाकिटाची चूक नव्हती, माझी होती. घरात कुणाला सांगितलं नाही. दादानं आणखी दात काढले असते.

१२ जुलै

सकाळची एसटी. रहिमतपूरला चाललेय, रेश्माकडं. तिच्या भावाची फौजेतली सॅक आहे, जाकीट चालेल पण माझी सॅक फाटलीय. जाकीट घरीच ठेवलं. नवं आहे, वाटेत कोंबडेवाला भेटायचा.

१४ जुलै. रहिमतपूर

एका दिवसाचं तीन दिवस झालं. रेश्माच्या शेतात उसाला पाणी पाजायला गेले, मग कुणीतरी म्हणालं पलीकडच्या डोंगरावर जुनी लेणी आहेत, गेले, लेणी नव्हती, नुसता खड्डा होता, त्यात वटवाघळं. पण वरनं दिसतं लय भारी. सॅक मिळाली. रेश्माचा भाऊ म्हणाला, "फौजेत जाकीट न्हाई बघत, माणूस बघत्यात." मी म्हटलं, "फौजेत जाकीट सरकार देतं म्हणून."

१५ जुलै. आटपाडी

अक्षर कसंही येतंय.

घरी आले तर अंगणात माझं जाकीट. दोन काठ्यांवर ताणलेलं, मेलेल्या जनावराच्या कातड्यासारखं. हात लावला तर कडकड वाजलं. पापड. वर पिवळट थर, त्यात कुंच्याच्या रेघा, बाहीपासून टोपीपर्यंत. एक बोट जागा सोडलेली नाही. वास आला आणि कळलं. चिंचोके.

घोंगड्याला देतात ती खळ. चिंचोके भरडून, भिजवून, शिजवून घोटायचे आणि कुंच्यानं फासायचं. लोकर कडक होते, पाणी धरत नाही. लोकरीला देतात ती! माझ्या जाकिटाला!

"दादा, ही तुझी कामं."

"मी? मला येळ हाय व्हय चिंचोकं शिजवत बसायला?"

"मग कुणी केलं? मेंढरांनी? तूच म्हणालास न्हवं, बघू कशी जातीस?"

"आगं म्हणालो. मी लय म्हणतो. हात न्हाई लावला मी."

"आईची शपथ घे."

आई चुलीपुढनं म्हणाली, "राणे, गप बस. त्यानं न्हाई केलं."

"तू त्याचीच बाजू घे. कायम घे."

आण्णा कट्ट्यावर होते. एका मेंढराचा पाय मांडीवर. मी म्हटलं, "आण्णा, तुमी तरी सांगा ह्येला काय तरी. माझं काम जाईल." ते उठले. हात धोतराला पुसले, नखांत पांढरं पांढरं होतं, खुराला चुना लावत असतील. मेंढरू घेऊन मागं निघाले. लेक मरू दे, मेंढरू जगू दे.

मी ओरडले. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "ह्या घरात माझं चांगलं बघवणारं एक बी माणूस न्हाई! आन् धन्या, आजपासनं तू माझा भाऊ न्हाईस."

आण्णा भिंतीच्या कोपऱ्याशी जरा थांबले. मग गेले.

१६ जुलै

हंडाभर पाणी उकळलं. सोडा टाकला. जाकीट बुडवलं आणि काथ्यानं घासलं. घासताना धन्याचं तोंड समोर होतं. खळ निघाली. पांढरा चिकट फेस, नुसता हंडा भरला. मग बघते तर फेसात लांब लांब पट्ट्या तरंगतायत, सापाच्या कातीसारख्या.

शिवणीवरच्या पट्ट्या.

आणखी लिहवत नाही.

१७ जुलै. सातारा

कुणाला न सांगता निघाले. ग्रुपच्या खोलीवर आहे, खाली गोडाऊन, वर आम्ही. सोनियाही आलीय. तिचं जाकीट निळं, चांगलं आहे. उलटं करून बघितलं, शिवणीवर पट्ट्या आहेत. तिला म्हटलं "बरं आहे." यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होत नाही.

संध्याकाळी आईचा फोन. फोन स्पीकरवर असतो तिचा, तिला दुसरं बटणच माहीत नाही.

"कुठं हाईस? जेवलीस का? त्या जाकिटाचं काय झालं?"

"साताऱ्याला, सरांच्या गोडाऊनवर. खळ निघाली. पट्ट्या बी निघाल्या. आता शिवणीतनं पाणी येणार, आन् मी घरी येणार. धन्याला सांग, जिकलास."

मागं कुणीतरी खोकलं. मग आईनं विचारलं, "समद्या जाकिटातनं न्हाई, नुसत्या शिवणीतनंच का?"

"व्हय, शिवणीतनं! तुला काय करायचंय?" म्हटलं आणि ठेवला. असले प्रश्न तिला कधीपासून पडायला लागले?

१८ जुलै

विश्वजीत सरांनी जाकीट उजेडाला धरलं. शिवणीशिवणीतनं उजेड आला.

"काय केलंस हे?"

सांगितलं. भाऊ, चिंचोके, खळ, सगळं.

"खळ म्हणजे स्टार्चच. गार पाण्यात दोनदा भिजवलं असतंस तर निघाली असती. जाकिटाला काही झालं नसतं. पट्टी सुटलीय ती उकळत्या पाण्यानं. आणि हे घासलंय कुणी?"

मी खाली बघितलं.

"कुणी घासलं, राणी?"

"मी."

त्यांनी जाकीट माझ्या हातात दिलं. ग्रुपची जास्तीची जाकिटं पाहुण्यांना वाटून झालीत. उद्या सकाळी गाडी सुटते. "तोपर्यंत काहीतरी कर. गळक्या जाकिटात मी तुला वर नेणार नाही, बायका तुझ्या जिवावर येणार आहेत. सोनियाला सांगून ठेवतो."

दुकान बंद व्हायच्या आत जाऊन काय करू? नवं घ्यायला हातात काही नाही. खताची पिशवी अंगाला गुंडाळू? मेणबत्ती घेतली आणि शिवणीवर घासून बघितली. दुमडलं की मेण तडकून पडतं. चिकटपट्टी लावली. नळाखाली धरली, सुटली. सगळा राग सोनियावर काढावा म्हटलं तर ती चहा घेऊन आली. म्हणाली, "मला जायचं नाहीये गं. मला चढावर दम लागतो." हिच्यावर रागवायचं तरी कसं? मग जाकिटावरच रागावले. भिंतीवर फेकलं.

धन्याचे मिस्ड कॉल, एकावर एक. उचलणार नाही. हसायला केला असेल. आईचाही एक. तोही नाही.

बाहेर असा कोसळतोय की समोरचं घर दिसत नाही. आटपाडीच्या माणसानं एवढा पाऊस बघितला तर तो पहिल्या एसटीनं माघारी जाईल. मीही जाते उद्या. पाठ देऊन. आण्णा जिंकले, धन्या जिंकला, मेंढरं जिंकली.

१८ जुलै. दिवेलागण

सोनिया खालनं पळत आली. म्हणते, "अगं, गोडाऊनच्या दारात एक बाबा आलेत. रंगारी असतील, हातात कुंचा आहे. काखेत फडक्यात बांधलेला डबा आहे, तो तेवढा कोरडा ठेवलाय, बाकी सगळे निथळतायत. कोण पाहिजे विचारलं तर बोलत नाहीत. आत या म्हटलं तर येत नाहीत. सगळी माणसं वळचणीखाली पावसाला पाठ देऊन आत बघत उभी आहेत, आणि हे एकटेच पावसाकडं तोंड करून."

जाकीट घेऊन खाली चाललेय.